मॅडम, मी मराठीतच विचार करते, म्हणून मला नवी भाषा येत नाही का?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला हल्ली आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. कधी इंग्लिश मीडियमच्या मुलाची आई विचारते की घरी मराठी बोलणं बंद करू का, तर कधी जर्मन शिकणारी मुलं विचारतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन अशी कामं शिकलेली कितीतरी मुलं गावाकडून येऊन जर्मनच्या क्लासला बसायला लागलीत, आणि त्यातली काही रडकुंडीला येऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकीची गोष्टच सांगते. तिला विचारून लिहितेय, नाव आणि काही तपशील बदललेत.

मनीषा साक्री तालुक्यातली, नर्सिंग झालेली. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लेव्हल लागते (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात) आणि ही ए-टूलाच दुसऱ्यांदा अडकली होती. क्लासमध्ये नियम असा की जर्मन सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला की दहा रुपये डब्यात टाकायचे. पैशाचं तिला काही नव्हतं, पण डबा पुढे आला की सगळे हसायचे, मग हिने बोलणंच सोडून दिलं. नाव पुकारलं की तळहाताला घाम.

पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, माझ्या डोक्यातली मराठी कशी बंद करू ते सांगा."

मी म्हटलं, "बंद करून ठेवणार कुठे?"

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "शाळेत अहिराणी बंद केली होती तशीच."

मी तिथेच थांबले. पाचवीत तालुक्याच्या शाळेत आली तेव्हा ती 'मला'च्या जागी 'माले' म्हणाली आणि बाईंनी तिला वर्गासमोर तीनदा 'मला' म्हणायला लावलं होतं. म्हणजे या पोरीची पहिली परकी भाषा जर्मन नव्हतीच, इंग्लिशही नव्हती, ती होती पुस्तकातली मराठी, आणि तिथेच ती शिकली की आपल्या घरची बोली लपवायची असते. पंधरा वर्षांनी पुण्यात तो डबा पुढे आला तेव्हा तीच पाचवीतली मुलगी उभी राहत होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेने जाणारी, माणूस आहे तसा आधी स्वीकारला की तो स्वतःच पुढे सरकतो यावर माझा विश्वास आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी न होता वाढतच गेलाय.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी तिला वही आणायला सांगितली. मला जर्मन येत नाही, पण वही बघून माणूस कळतो. प्रत्येक जर्मन शब्दापुढे इंग्लिश अर्थ, मराठी कुठेच नाही. एका ओळीवर लाल रेघ होती. हिने लिहिलेलं 'इश बिन काल्ट', सरांनी केलेलं 'मिअर इस्ट काल्ट'.

"हे का चुकलं?"

"माहीत नाही. इंग्लिशमध्ये आय ॲम कोल्ड, म्हणून इश बिन लिहिलं."

"मिअर म्हणजे काय?"

"मला."

"तुला थंडी वाजली तर आईला कसं सांगतेस?"

तिने आधी दाराकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, "माले थंडी वाजस." आणि गप्प. मग एकदम, "माले! मॅडम, मिअर म्हणजे माले! मी थंड आहे असं आपण म्हणतच नाही ना, मला थंडी वाजते म्हणतो, ते पण तसंच म्हणतात!"

मग ती थांबेचना. पेशंट 'मिअर इस्ट श्लेष्ट' म्हणाला तर त्याला मळमळतंय, म्हणजे आपलं 'मला कसंतरी होतंय'. डेअर-डी-दास म्हणजे तो-ती-ते, शब्दाचं लिंग तिथे वेगळं असेल पण खुर्चीला ती आणि टेबलाला ते म्हणायची सवय आपल्याला आहेच. आकडे तर तिनेच मला शिकवले, आइन-उंड-झ्वानझिग म्हणजे एक आणि वीस, आपलं एकवीस! आधी एकक मग दशक. (२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, मला तेच आठवलं.) फक्त एकोणतीसला घोळ होतो म्हणाली, तिथे ते नऊ आणि वीसच म्हणतात.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत बसले. ही मुलगी आईच्या भाषेमुळे अडलीच नव्हती. ती अडली होती कारण जवळची वाट लाजेने सोडून इंग्लिशला वळसा घालून जात होती. ही गोष्ट मी तिला सांगितली असती तर तिने नुसती मान डोलावली असती, तिची तिला सापडली म्हणून ती टिकली.

आता जे विचारतात त्यांना माझं सांगणं. घरची भाषा बंद करू नका, मुलं घाबरतात ती हसण्याला, दुसऱ्या भाषेला नाही. शिक्षकांना हात जोडून विनंती, दंडाचा डबा काढून टाका. वर्गात जर्मन किंवा इंग्लिश भरपूर कानावर पडलीच पाहिजे, त्याला पर्याय नाही, आणि शब्दाला शब्द लावून भाषांतर करत बसा असंही मी म्हणत नाहीये. पण नवीन काही शिकवलं की दोन मिनिटं विचारा, तुमच्या घरी हे कसं म्हणतात? अवघड नियमावर मुलांना आपापसात आपल्या भाषेत बोलू द्या. आणि 'घरी' म्हणजे फक्त पुस्तकी मराठी धरू नका, अहिराणी, गोरमाटी, कोकणी, पावरी जे असेल ते येऊ दे.

मनीषाच्या सरांशी मी तिच्या परवानगीने बोलले. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, याचं मला कौतुक आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एकवीस आकडा लिहिला आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचायला सांगितलं. केरळची मुलगी म्हणाली, इरुपत्तियोन्न, आमच्यात वीस आधी येतात, म्हणून माझा गोंधळ होतो. तेव्हा मनीषा हात वर न करताच उठली, फळ्यापाशी गेली आणि एकच्या खाली बाण काढून तिला जर्मनमध्ये समजवायला लागली.