आजोबांची मॅसी: रंगाला हात लावण्याआधी एवढं बघा

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाड तालुक्यात मळ्यातल्या शेडमध्ये आजोबांचा लाल ट्रॅक्टर बारा वर्षं उभा आहे. घरात सांगतात की तो १९५४ चा, विलायतेहून आलेला, एकदम ओरिजिनल. नाकावर मॅसी फर्ग्युसनचं नाव, इंजिन तीन सिलिंडरचं, त्यावर सिम्प्सनची पट्टी, आणि डॅशबोर्डवरची नंबरपट्टी गायब. भंगारवाला किलोवर मागतोय, हायवेवरचा हॉटेलवाला दारात ठेवायला मागतोय, धाकट्या भावाला रंगवून मिरवणुकीत काढायचाय. ट्रॅक्टर खरा किती आणि त्याचं करायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी पिंपळगाव बसवंतला तीस वर्षं ट्रॅक्टरचं फिटर काम केलं. त्या अनुभवावर सांगतो.

आधी १९५४ चं बघू. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या १९५३ साली एक झाल्या, पण 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव ट्रॅक्टरवर यायला १९५७ संपत आलं होतं. १९५४ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जो ट्रॅक्टर बनत होता तो फर्ग्युसन टीई-२०. तो १९४६ ते १९५६ पर्यंत पाच लाखांवर निघाला आणि कारखान्यातून राखाडी रंगातच बाहेर पडला. त्याला पुढचे गिअर चार, मागचा एक. सेल्फ मारायलासुद्धा गिअरचीच दांडी 'एस' वर न्यायची. तुमच्या ट्रॅक्टरचे गिअर मोजा. हाय-लो धरून पुढचे सहा आणि मागचे दोन निघाले तर ती टीई-२० नाही, तिच्यानंतर आलेलं '३५' हे मॉडेल किंवा त्याच्याही पुढचं आहे. म्हणजे १९५६ च्या आधीची असूच शकत नाही.

म्हणून घरातली गोष्ट खोटी ठरते असं मात्र धरू नका. आजोबांकडे आधी राखाडी फर्ग्युसन असेल, ती देऊन ही घेतली असेल, आणि सांगता सांगता दोन्हीचा एक ट्रॅक्टर झाला असेल. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता ३५ चं. सुरुवातीच्या ३५ ला पत्रा राखाडी आणि इंजिन, गिअरबॉक्स तांबूस सोनेरी रंगाचे होते. लाल पत्रा १९५७ च्या अखेरीस आला. डिझेलमध्ये आधी स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडर इंजिन यायचं. ते थंडीत सुरू व्हायला फार त्रास द्यायचं, त्यासाठी ते बदनामच होतं. १९५९ च्या शेवटी पर्किन्सचं तीन सिलिंडर, अडीच लिटरचं इंजिन आलं आणि मग मॅसीला जे नाव मिळालं ते आजही आहे. १९६० साली मद्रासला टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली आणि मॅसी आपल्याकडे बनायला लागली. सिम्प्सन त्याच समूहातली, पर्किन्सच्या बनावटीची इंजिनं करणारी.

म्हणजे तुमच्या दारात दोनपैकी एक गोष्ट उभी आहे. एकतर ट्रॅक्टर पूर्ण मद्रासचा आहे, किंवा तो इंग्लंडचा आहे आणि त्याचं इंजिन पुढे इथे बदललंय. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगणार! पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते तिथे ते चार सिलिंडरचं इंजिन उताराला लावून, ढकलून सुरू करण्यात किती सकाळी गेल्या असतील. कुणी कंटाळून ते काढलं आणि तीन सिलिंडरचं बसवलं असेल तर त्या माणसानं शहाणपणाच केला.

खरं काय ते शोधायला तीन जागा आहेत.

पहिली जागा रंगाची. बोनेट बघू नका, ते दहा वेळा रंगलेलं असतं. बॅटरीच्या ट्रेखाली, टाकीच्या पट्ट्यांमागे, स्टिअरिंग बॉक्सच्या खाचेत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे बघा. नखाएवढी जागा पातळ ब्लेडनं हळूहळू खरवडा, एकेक थर मोजत. ग्राइंडर अजिबात लावू नका. गिअरबॉक्सच्या तळाशी तांबूस सोनेरी थर निघाला तर तुमच्याकडे १९५६-५७ ची ३५ आहे आणि माझं काळीज तुमच्याआधी धडधडेल.

दुसरी जागा आरसी बुक. पट्टी गेली तरी तिच्यावरचा नंबर तिथे उतरवलेला असतो. इंग्लंडच्या ३५ ला आकड्यांच्या आधी अक्षरं असतात. 'एसडी'नं सुरू होत असेल तर ती कारखान्यातून चार सिलिंडर डिझेल घेऊन निघाली, 'एसएन' असेल तर तीन सिलिंडर. आरसीवर 'एसडी' आणि बोनेटखाली तीन नोझल (सिलिंडरमागे डिझेल फवारणारं एक), म्हणजे इंजिन बदललंय, वादच नाही.

तिसरी जागा तलाठ्याकडची. ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जावर घेतला असेल तर जमिनीवर बोजा चढला असणार. जुने फेरफार काढा. त्यावरची तारीख कुठल्याही म्हाताऱ्याच्या आठवणीपेक्षा आणि माझ्यासारख्या मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा पक्की.

मीटर, डायनॅमो, हेडलाइट यांच्यावर 'मेड इन इंग्लंड' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते चार बोल्टवर निघतात आणि चार बोल्टवर बसतात.

आता 'ओरिजिनल' या शब्दाबद्दल, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. विकत घेणारे हौशी लोक ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघाला तसा, असं धरतात. पण आपल्याकडचा ट्रॅक्टर चाळीस वर्षं राबलेला असतो. मागच्या ड्रॉबारला जाड वेल्डिंग दिसलं तर तो उसाच्या ट्रॉल्या ओढत साखर कारखान्यावर गेलाय, किंवा कांदा घेऊन लासलगावच्या रांगेत रात्रभर उभा राहिलाय. पुढच्या एक्सलची भोकं बघा. चाकं आत ओढून बसवली असतील तर कधीतरी त्याला बागेच्या ओळीत घालायचा प्रयत्न झालाय. द्राक्षं वाढली, औषध फवारायचे ब्लोअर आले, अरुंद मिनी ट्रॅक्टर आले आणि असे रुंद ट्रॅक्टर शेडमध्ये गेले. हे सगळं त्या लोखंडावर आहे. ते पुसून त्याला शोरूमसारखा केला तर एक चकचकीत लाल वस्तू मिळेल, आजोबांचा ट्रॅक्टर मिळणार नाही.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. आपल्या नाशिकमध्येच किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झबरोबर १९७४ च्या सुमारास ट्रॅक्टर बनवायला घेतले होते. इंजिन हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही, प्रत्येक सिलिंडर वेगळा आणि हवा लागायला त्याच्या अंगावर पातळ पाती. तो कारखाना फार काळ टिकला नाही, म्हणून ते ट्रॅक्टर मला अजून जवळचे वाटतात. दिंडोरीकडच्या एका घरानं तसा एक माझ्याकडे दिला. मी उत्साहानं मडगार्ड ग्राइंडरनं घासून घेतले, लांबी भरली, दोन हात रंग मारला. ट्रॅक्टर परत नेला तेव्हा घरातल्या आजी बाहेर आल्या, डाव्या मडगार्डच्या आत वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यांनी लिहिलेलं कुठं गेलं?" त्यांच्या मालकांनी ऑइल पेंटनं तिथे नांगरटीचा हिशोब लिहिला होता, कुणाचं किती एकर, किती रुपये बाकी. मी तो घाण समजून काढला होता. आजी रागावल्या नाहीत, आत गेल्या. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरचे आधी आतून बाहेरून फोटो निघतात, मग पान्याला हात लागतो.

म्हणून धाकट्या भावाला सांगा, मिरवणूक एक वर्ष थांबू दे. आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसून बघा. 'सप्तशृंगी प्रसन्न' किंवा आजोबांचं नाव, गाव असं काही पेंटरच्या हातचं निघालं तर तेवढा भाग तसाच ठेवून बाकीचं काम करता येतं.

भंगाराला देऊ नका. दीड टनाच्या आतबाहेरच्या लोखंडाचे पैसे येतील आणि दोन महिन्यांत घरात जिरतील. हॉटेलवाल्यालाही मी देणार नाही. हायवेवर उभे केलेले असे ट्रॅक्टर मी जवळून पाहिलेत. बऱ्याच ठिकाणी आतलं इंजिन आधीच काढून विकलेलं असतं, उरलेल्यावर दर दिवाळीला ऑइल पेंट चढतो. विकायचाच झाला तर चालवणाऱ्याला विका. मॅसीचं एक मोठं सुख आहे की टॅफेमुळे क्लच, लिफ्टचे भाग, लायनर-पिस्टन अजून सहज मिळतात. डॉइट्झवाल्याला हे सुख नाही. विकताना आरसी आणि चासी नंबर जुळतोय ना हे आरटीओत आधी विचारून घ्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती तुमची नक्की संपली असणार. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, पण तो दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी लिहिलाय. कुणी एजंट 'ट्रॅक्टरचं व्हिंटेज करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका.

आणि ठेवायचा असेल, जे मला मनापासून वाटतं, तर सेल्फ मारून बघायची घाई करू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून तर अजिबात नको. बारा पावसाळे उघड्या सायलेन्सरमधून पाणी आत गेलं असेल तर पिस्टन धरलेले असतात, ओढलं की रॉड वाकतो. तिन्ही नोझल काढा, प्रत्येक भोकातून अर्धा कप डिझेल आणि गिअर ऑइलचं पातळ मिश्रण सोडा आणि आठवडाभर तसंच ठेवा. मग फ्लायव्हीलच्या दातांवरून पहारीनं अगदी थोडं, मागे-पुढे हलवून बघा. हललं नाही तर पुन्हा मिश्रण, पुन्हा आठवडा. माझ्याकडे एक इंजिन सव्वा महिन्यानं सुटलं होतं. सुटल्यावर चेंबरमधलं जुनं ऑइल पूर्ण काढा, त्यात पाणी निघतंय का बघा, डिझेलची टाकी खाली उतरवून धुवा. फ्युएल पंपाला घरी हात लावू नका, तो पंपवाल्याकडेच न्या.

गिअर मोजून, आरसीवरची अक्षरं आणि गिअरबॉक्सखालच्या रंगाचा उन्हात काढलेला फोटो टाका, मी सांगतो कुठल्या सालचा आहे. तोवर आजच संध्याकाळी मळ्यात जाऊन सायलेन्सरवर एक रिकामा डबा पालथा घाला.