पॅकेज किती आणि हातात किती

प्रिय मुली,

ऐरोलीच्या आयटी कंपनीचं 4,80,000 चं पॅकेज घेऊ की रबाळ्याच्या कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्याचं 3,00,000 चं, असं तू विचारलंस. घरी सगळ्यांचा कल ऐरोलीकडे आहे, तेही साहजिक आहे. तू पाठवलेली दोन्ही ऑफर लेटरं मी ओळ न ओळ वाचली. आधी पैशाचं बोलू.

ऐरोलीचे महिन्याला 40,000 दिसतात. त्यातले 4,000 व्हेरिएबल आहेत. ते वर्षअखेरी, कामगिरी बघून मिळणार. बेसिक 20,000. त्यावर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ म्हणजे 2,400 आणि ग्रॅच्युइटीचे 962 पॅकेजमध्येच धरलेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी हाती पडायला साधारण 5 वर्षं काढावी लागतात. उरलेल्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ आणखी 2,400 आणि व्यवसाय कर 200 कापला जाईल. दर महिन्याला खात्यात येतील ते 30,000 च्या आसपास. आयकराची चिंता नको, नव्या करपद्धतीत पगारदाराला 12,75,000 पर्यंत कर भरावा लागत नाही.

रबाळ्याला व्हेरिएबल नाही. बेसिक 12,500 आहे. त्याच हिशेबाने सगळं वजा केलं की हातात 21,400 राहतात. व्यवसाय कर नाही, कारण महाराष्ट्रात दरमहा 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. म्हणजे कागदावरचा महिना 15,000 चा फरक प्रत्यक्षात साडेआठ हजारांचा झाला. कळव्याच्या घरात साडेआठ हजार ही लहान रक्कम नाही, हे मला ठाऊक आहे. प्रवासखर्चात मात्र फरक नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची तीच गाडी, ऐरोलीच्या पुढचं स्टेशन रबाळे.

आता कामाचं. ऐरोलीला तुला सपोर्ट प्रोजेक्टवर, म्हणजे चालू सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवायला घेणार आहेत. इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे कारखान्यातल्या मोजमाप आणि नियंत्रणाच्या यंत्रणा शिकण्यातली चार वर्षं तिथे फारशी कामी येणार नाहीत. कोडिंगची मनापासून आवड असती तर मीच तुला तिकडे जा म्हटलं असतं, पण तुझ्या बोलण्यात ती मला कधी दिसली नाही.

रबाळ्यात सुरुवातीचे महिने तू ड्रॉइंग घेऊन पॅनलसमोर उभी असशील. प्रत्येक वायरच्या टोकाला नंबराचा फेरूल (छोटी नळी) आहे ना, टोकाचा धातूचा लग नीट क्रिंप झालाय, म्हणजे दाबून घट्ट बसलाय ना, हे वायर हाताने ओढून बघायचं. मग लूप चेकिंग, म्हणजे उपकरणापासून पॅनलपर्यंत सिग्नल बरोबर पोचतो का ते तपासणं. 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल तू पुस्तकात शिकलीस. तो शून्यापासून का सुरू होत नाही, हे तिथे पक्कं होतं. टाकी रिकामी असेल तर टाकीतली पातळी मोजणारा लेव्हल ट्रान्समीटर 4 पाठवतो, वायर तुटली असेल तर 0 येतो. रात्रपाळीत 0 बघून एकजण टाकी रिकामी समजतो आणि पंप चालू करतो, दुसरा आधी जंक्शन बॉक्स उघडून टर्मिनल तपासतो. पाचेक वर्षांनी कंपन्या या दुसऱ्याला शोधत येतात आणि तेव्हा पगार तो सांगतो. मी हे माझ्या बरोबरीच्या कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि हे काम आपल्याच भागात आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काही जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आले, म्हणून सगळे म्हणतात की इथलं कोअर, म्हणजे आपल्या मूळ इंजिनिअरिंग शाखांचं काम संपलं. पण महापे, रबाळे, ऐरोलीत उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरना यूपीएस, चिलर, जनरेटर चोवीस तास सांभाळणारी माणसं लागतात, ती इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि तुझ्याच शाखेची.

सरकारी कंपन्यांचंही मनात ठेव. गेट ही इंजिनिअरांची प्रवेशपरीक्षा दे, स्कोअर 3 वर्षं चालतो. बऱ्याच सरकारी कंपन्यांत ई-१ या सुरुवातीच्या अधिकारी पदाचं मूळ वेतन 40,000 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. मात्र नोकरी न करता घरी बसून तयारी करू नकोस.

माझं मत रबाळ्याचं आहे. पण आधी दोन गोष्टी बघ. पहिली शैक्षणिक कर्ज. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता लागत नाही, तरी व्याज चढत राहतं. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय आहे ते बँकेत जाऊन विचार. हप्ता भरून 21,400 मध्ये घर चालणार नसेल तर बेलाशक ऐरोली घे. घराला हातभार लावणं ही मोठीच गोष्ट आहे, त्यात मन खट्टू करू नकोस.

दुसरी म्हणजे कमिशनिंगला (पॅनल ग्राहकाच्या जागी बसवून चालू करायला) बाहेरगावी पाठवतात तेव्हा मुलींच्या राहण्याची, रात्री परतायच्या गाडीची आणि साइटवरच्या स्वच्छतागृहाची सोय काय, हे कारखान्याला स्पष्ट विचार. संकोच करू नकोस. त्यांनी टोलवाटोलवी केली तर माझं मत मी बदलेन.

रबाळ्याच्या लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँडही आहे. मध्येच सोडलंस तर किती रक्कम आणि कशाबद्दल, ते लेखी मागून घे. मूळ मार्कशीट आणि डिग्री जमा करा म्हणाले तर साक्षांकित प्रती दे, मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत. आणि उत्तर हाती येईपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
ताई