युद्ध चालू असताना दोन्ही देशांतले लोक आपणच जिंकतोय असं कसं मानतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक, शेजारशेजारच्या देशांत युद्ध पेटलं की दोन्हीकडची माणसं आपलीच सरशी होतेय असं इतकं छातीठोकपणे कशी सांगतात. दुसरा, मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान लढाईच्या वेळी टीव्हीवरच्या बातम्यांवरून तुमचं आणि वडिलांचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही, तर त्यांना कसं समजवायचं. तुम्ही शिरपूरचे, म्हणजे आपल्याकडचेच, म्हणून लिहायला बसलो. मी अमळनेरला कृषी केंद्र चालवतो आणि लढायांचा इतिहास वाचायचा नाद मला कॉलेजपासून आहे.

पहिल्याचं उत्तर आधी सांगून टाकतो. युद्धातल्या प्रचाराला शत्रू फारसा फसत नाही. फसतात आपलेच लोक, आणि नंतर त्या लोकांच्या धाकाने आपलेच पुढारी अडकतात. कारण लढाई कधीतरी थांबवावी लागते, आणि तेव्हा बातम्यांत जिंकलेलं आणि हातात आलेलं यांचा ताळा जमत नाही.

८ मेची रात्र तुम्हाला आठवत असेल. कराची बंदर नौदलाने उडवलं, इस्लामाबाद ताब्यात येतंय, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली, हे सगळं आपल्या मोठमोठ्या वाहिन्यांनी पट्ट्या फिरवत सांगितलं. मागे भोंगे वाजत होते. ते भोंगे इतके वाजले की शेवटी कार्यक्रमात हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, असं सरकारलाच वाहिन्यांना लेखी कळवावं लागलं, नाहीतर खरा भोंगा वाजला तर कोणी उठणार नाही. आमच्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री बियाण्याच्या भावाऐवजी नुसत्या आगीच्या व्हिडिओंचा पाऊस. सकाळी दुकान उघडतो तोच गल्लीतले आबा दारात. "कराची गई ना भाऊ, आते काय ऱ्हायनं!" मी म्हटलं, आबा, सैन्याने तर असं काही सांगितलेलं नाही. त्यावर, "टीव्हीवर सांगी ऱ्हायनात ना रातभर!"

कराचीवर हल्ला झालाच नव्हता. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने स्वतः सांगितलं की कराचीसह निवडक ठिकाणांवर मारा करायची पूर्ण तयारी होती, आदेशाची वाट होती. ज्याला मराठी कळतं त्याला यातून काय ते कळलं.

आता गंमत बघा. त्या दिवसांत पाकिस्तानचे संरक्षणमंत्री अमेरिकन वाहिनीवर बसले होते. भारताची विमानं पाडली म्हणता, पुरावा काय, असं निवेदिकेने विचारलं. उत्तर आलं, सगळं सोशल मीडियावर आहे की, भारताच्या सोशल मीडियावर! म्हणजे आमचे आबा आणि तिकडचा मंत्री एकाच पंगतीत. पुढे त्यांच्या उपपंतप्रधानांनी सिनेटमध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राचा हवाला देऊन आपल्या हवाई दलाचं कौतुक केलं. ते पान कोणीतरी संगणकावर बनवलेलं निघालं, आणि ते खोटं असल्याचं उघड केलं कराचीच्याच 'डॉन' वृत्तपत्राने. व्हिडिओ गेममधली दृश्यं विमान पाडल्याचा पुरावा म्हणून फिरली ती वेगळीच.

शत्रूला फसवणं हा युद्धाचा भागच आहे, त्याला माझा आक्षेप नाही. गनिमाला कात्रजचा घाट दाखवायची कला आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७१ ची दोन उदाहरणं देतो. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका अंदमानकडे लपवून ठेवली होती, पण ती विशाखापट्टणमजवळच आहे असं भासवण्यासाठी नौदलाने तिथून बिनतारी संदेशांची रेलचेल केली, बाजारात मोठ्या नौकेला लागेल एवढ्या शिध्याची मागणी नोंदवली. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तिच्या शोधात तिथवर आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तळाला गेली. ती नेमकी कशाने बुडाली यावर दोन्हीकडचं म्हणणं आजही वेगळं आहे. दुसरं टांगाइलचं, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आजच्या बांगलादेशातलं. ११ डिसेंबरला तिथे आपले साधारण सातशे छत्रीधारी सैनिक उतरले. जगभरच्या वर्तमानपत्रांत आकडा गेला पाच हजारांचा, सोबत आकाशभर छत्र्यांचा फोटो. तो फोटो आग्र्याच्या जुन्या सरावातला होता! ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनापतींच्या पोटात गोळा यायला त्याची मदतच झाली.

यात फसवला गेला तो शत्रूचा सेनापती, आणि लढाईचा शेवट जवळ आला. घरात बसलेल्या आबांना कराची पडल्याचं सांगून कोणाचा सेनापती घाबरला?

उलट घरच्यांना घाट दाखवला की पुढे काय होतं ते पाकिस्तानने दोनदा भोगलंय. १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी साध्या वेशात हजारो घुसखोर काश्मिरात पाठवले, ऑपरेशन जिब्राल्टर. हे त्यांच्या जनतेला सांगितलं नव्हतं. त्यामुळे ६ सप्टेंबरला भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने सरकलं तेव्हा तिथल्या माणसाला वाटलं, काही कारण नसताना चालून आले. मग रेडिओवर विजयामागून विजय. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि दोन्ही सैन्यं होती तिथे परत जायची ठरली. लाहोरमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जिंकत होतो ना, मग काश्मीर कुठे आहे? त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी रास्त होता. त्यांचे परराष्ट्रमंत्री भुट्टो यांनी तो राग बरोबर हेरला, मंत्रिमंडळातून बाहेर पडले, १९६७ मध्ये स्वतःचा पक्ष काढला. मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अयूब खानांना खुर्ची सोडावी लागली. त्याला इतरही कारणं होती, पण ताश्कंदचा डाग त्यांना शेवटपर्यंत धुता आला नाही.

१९७१ चं तर विचारूच नका. १६ डिसेंबरला दुपारी ढाक्यात शरणागतीवर सही झाली, ९३,००० माणसं युद्धकैदी झाली, आणि त्याच संध्याकाळी त्यांचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान रेडिओवर सांगत होते की युद्ध चालूच राहील. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी मान्य. पश्चिम पाकिस्तानातल्या माणसाला पूर्वेकडे नऊ महिने काय चाललंय हे धड कळूच दिलेलं नव्हतं. अँथनी मॅस्करेन्हस या कराचीच्या पत्रकाराला तिथली कत्तल छापण्यासाठी बायकापोरांसह देश सोडून लंडन गाठावं लागलं होतं, जून १९७१ मध्ये. अर्धा देश गेल्याची बातमी लोकांना एका रात्रीत पचवावी लागली.

आपण यापासून मुक्त आहोत असं समजू नका. १९६२ घ्या. दोन-तीन वर्षं संसदेत आणि वर्तमानपत्रांत एक इंचही जमीन देणार नाही अशी हवा इतकी तापली होती, की एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीला आले तेव्हा काही देवाणघेवाण करायची म्हटलं तरी नेहरूंना जागा उरली नव्हती. चीनच्या मनात काय होतं हा स्वतंत्र विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. १२ ऑक्टोबर १९६२ ला नेहरू श्रीलंकेला निघताना पत्रकारांना सांगून गेले की सैन्याला आपला भाग मोकळा करायला सांगितलंय. डोंगरावरच्या जवानाकडे थंडीचे धड कपडेही नाहीत हे त्या बातमीत कुठून येणार? आठवड्याभरात, २० तारखेला, चीनने हल्ला केला. मग संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी बसलं. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. त्या देण्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच लाटेत पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, त्याबद्दल आपल्याकडे फार कोणी अवाक्षर काढलं नाही. आणि पराभव का झाला याचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षं उलटून गेली तरी सरकारने प्रसिद्ध केलेला नाही.

म्हणून १० मे २०२५ ला जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही. संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरल्याचं जाहीर झालं. सैन्याने जे हाती घेतलं होतं, ७ तारखेला दहशतवाद्यांचे नऊ तळ उडवणं, ते त्याने केलेलं होतं. पण लोकांना दोन रात्रींपूर्वी कराची आणि इस्लामाबाद देऊन ठेवलेलं. ते परत कसं घ्यायचं? राग निघाला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर. निर्णय जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या मुलीला इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की त्यांना आपलं सोशल मीडियावरचं खातं बंदिस्त करावं लागलं. ज्या निवेदकांनी इस्लामाबाद घेतलं होतं त्यांना कोणी जाब विचारला नाही. तिकडे पाकिस्तानात त्याच युद्धबंदीवर मिठाई वाटली गेली, 'गॅलप पाकिस्तान'च्या पाहणीत ९६ टक्के लोकांनी आपणच जिंकलो म्हणून सांगितलं, आणि दहा दिवसांत त्यांचे लष्करप्रमुख फील्ड मार्शल झाले.

खोट्या बातमीपेक्षा मला जास्त टोचते ती न दाखवलेली बातमी. ७ मेपासून जम्मू-काश्मीरमधल्या पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांनी घरांवर मारा केला, डझनाहून अधिक नागरिक गेले, त्यात लहान मुलंही होती. आपली माणसं, आपली घरं. पण पडद्यावर कराची जळत असताना पूंछला किती वेळ मिळाला? आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा त्याच भागात तैनात होता. त्या चार दिवसांत त्या घरात टीव्ही बंद. वडील सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकायचे, आणि पोराचा फोन येईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. गल्लीत युद्धावर सगळ्यात कमी बोलणारं घर तेच होतं.

अफवेचा खर्चही खराखुरा असतो, तो मी दुकानात बघितला. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा मेसेज खोटा असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने सांगितलं, तरी लोक आधी रांगेत आणि मग चौकशीला. 'डान्स ऑफ द हिलरी' नावाची फाईल उघडली की मोबाईल पाकिस्तानात जातो म्हणे! इंधनाचा साठा भरपूर आहे असं तेल कंपनीला जाहीर करावं लागलं. माझ्याकडे एक पाहुणे मान्सूनच्या आधीच डीएपी खत मागायला आले, तेही दुप्पट. बाहेरून येणारं खत आहे, बोटी बंद पडल्या तर, हा हिशेब. १,३५० रुपयांची गोणी, आणि खिशात पैसे उसने आणलेले. त्यांना बसवलं, चहा पाजला, लागतील तेवढ्याच गोण्या दिल्या. या लोकांना अडाणी म्हणू नका. खबर देणारा गप्प असला की माणूस मिळेल ती खबर उचलतो.

आता खरं ओळखायचं कसं, म्हणाल तर मी बोलण्यापेक्षा कृतीकडे बघतो. त्या आठवड्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद केले गेले, आयपीएल थांबवलं गेलं, नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत भुसावळ आलं. यातलं काही खोटं सांगता येत नाही, आणि परिस्थिती किती गंभीर आहे ते त्यावरून कळतं. दुसरं, स्वतःच्या नुकसानीबद्दल कोण काय कबूल करतं ते ऐका, आणि त्यासाठी थांबायची तयारी ठेवा. आपलीही विमानं पडली हे संरक्षण दल प्रमुख अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये मान्य केलं, आकडा सांगितला नाही, पाकिस्तानचा सहाचा दावा मात्र फेटाळला. पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठं विमान पाडल्याचं आपल्या हवाई दल प्रमुखांनी सांगितलं ते ऑगस्टमध्ये. पाकिस्तान ते मानत नाही. म्हणजे लढाई संपून महिने झाले तरी आकडे जुळलेले नाहीत, आणि तुमचे वडील आणि तुम्ही ते ८ मेच्या रात्री साडेअकराला जुळवायला बसला होता.

वडिलांचं म्हणाल तर, त्यांना खोटं पाडायच्या भानगडीत पडू नका. युद्धाच्या रात्री टीव्हीसमोर बसलेला माणूस बातमी तपासत नसतो, तो आपल्या सैन्याच्या बाजूने उभा असतो, आणि तुम्ही बातमीवर शंका घेतली की त्याला ती सैन्यावरची शंका वाटते. शेजारी बसलेल्या चार जणांसमोर तर तो मुळीच माघार घेणार नाही. आता सगळं शांत आहे तेव्हा त्यांना पूंछबद्दल विचारा, तिथे काय झालं ते त्यांना ठाऊक होतं का, आणि नसेल तर का नव्हतं. वाहिनीवरचा राग त्यांचा त्यांना येऊ द्या. आमच्या आबांना मी नौदलाची ती पत्रकार परिषद मोबाईलवर दाखवली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत बघितली, वाहिनीवाल्याला अहिराणीत एक शिवी हासडली, आणि मला म्हणाले, तू त्या दिवशी हे का नाही दाखवलंस. मी म्हटलं, आबा, त्या दिवशी ती झालीच नव्हती.