शटर खाली ओढायला लावलं, मग भाडं कुणी भरायचं?

प्रश्न : मिरजेत माझं छोटं सलून आहे. दोन खुर्च्या, एक कारागीर निम्म्या वाट्यावर. २०२० मध्ये मार्चपासून जूनअखेरपर्यंत दुकान बंद होतं, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. गाळ्याचं भाडं आणि पतसंस्थेचे हप्ते मात्र चालूच राहिले. दुसऱ्या लाटेत माझे काका ऑक्सिजनचा बेड मिळेमिळेपर्यंत गेले. त्यामुळे लॉकडाउन चुकीचा होता असं म्हणवत नाही, आणि बरोबर होता असंही तोंडातून निघत नाही. तुम्ही आरोग्य खात्यात काम केलं आहे, म्हणून विचारतो. लोकांचे जीव वाचवायला आमची पोटं मारणं गरजेचंच होतं का? पुन्हा साथ आली तर आमच्या संघटनेनं सरकारकडे काय मागावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, मार्च २०२० मध्ये सगळं बंद करणं मला तेव्हा योग्य वाटलं होतं, आजही वाटतं. तपासणीच्या प्रयोगशाळा मोजक्या होत्या, डॉक्टर-नर्सना घालायला पीपीई किट नव्हते आणि हा आजार कुणाला किती झपाट्यानं घेऊन जाईल याचा कुणालाच अंदाज नव्हता. तयारीला थोडी सवड हवी होती, ती टाळेबंदीनं दिली.

पण बंद करणं योग्य होतं म्हणून ते ज्या तऱ्हेनं केलं तेही योग्य होतं, असं मी म्हणणार नाही. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. हातावर पोट असलेल्या माणसानं त्या चार तासांत काय करायचं? जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून गावाकडची गाडी मिळेल या आशेनं. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ ते रुळांवर झोपले असताना मालगाडी अंगावरून गेली. सोळा जण गेले. करोनाच्या मृतांत त्यांची गणती नाही. माझ्या हिशेबात मात्र ते साथीचेच बळी आहेत.

आता पोटाचा प्रश्न. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा आकडा तेव्हा जाहीर झाला. हे सगळं टाळेबंदीनंच केलं असं अनेक जण म्हणतात. अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शेजारशेजारच्या पण वेगवेगळे नियम असलेल्या भागांतली दुकानं ताडून पाहिली. ग्राहकांची ये-जा साठ टक्क्यांनी घटली होती, आणि त्या साठांपैकी जेमतेम सात टक्के घट सरकारी हुकमामुळे होती. बाकीचे लोक भीतीनंच घरी बसले होते. आपल्याकडे चौकाचौकात पोलिसांची काठी होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण तुम्हीच आठवून बघा. २८ जूनला सलून उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापण्यापुरती, दाढीला बंदीच. रोजची गिऱ्हाइकं लगेच परत आली का? साथ धुमसत असताना दुकानं उघडी ठेवली असती तरी धंदा पूर्वीसारखा चालला नसता, असं माझं मत आहे.

तरीही तुमचं दुखणं खरं आहे, आणि ते फक्त तुमच्यापुरतं नाही. निवृत्तीनंतर त्या काळात मी इचलकरंजीत सर्वेक्षणाच्या कामाला परत गेले होते. एका खोलीच्या दारात यंत्रमागावर काम करणारा तिशीतला माणूस उभा होता. आशाताईंनी कपाळाजवळ तापाची गन धरली, तर ताप नाही. पण डोळे लाल, श्वास उथळ आणि मागच्या फळीवर गोळ्यांची फोडलेली पट्टी. आम्ही यायच्या आधी त्यानं तापाची गोळी घेतली होती. मी विचारल्यावर लपवलं नाही. हळूच म्हणाला, "बाई, लिहू नका. चौदा दिवस आत टाकलं तर आठवड्याचा पगार कोण देणार? विणलेल्या मीटरवर पैसे आहेत आमचे."

त्याला बेजबाबदार ठरवून पुढच्या दारात जाणं सोपं होतं. पण त्यानं केलेला हिशेब चुकीचा नव्हता. ताप सांगितला तर चूल बंद, लपवला तर निदान शनिवारचा पगार. असे हजारो लोक ताप लपवतात तेव्हा साथ वाढते आणि शेवटी दुकानं उघडणं आणखी लांबतं. म्हणून मला 'आरोग्य की अर्थकारण' ही मांडणीच पटत नाही. त्या माणसाच्या हातात दोन आठवड्यांची मजुरी ठेवली असती, तर तो खर्च आरोग्याच्याच खात्यात मांडावा लागला असता.

धारावीत हे काही प्रमाणात जमलं. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, आठ-दहा लाख माणसं आणि सार्वजनिक संडास. तिथे 'घरात वेगळे राहा' म्हणणं निरर्थक होतं. पालिकेनं शाळा, सभागृहं ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली, जेवण दिलं, डॉक्टर गल्लीत नेले, संडास पुन्हा पुन्हा धुतले. जेवणाची भ्रांत नसल्यावर लोक तपासणीला पुढे येतात, हे सांगायला आरोग्यशास्त्राची पदवी लागत नाही.

एप्रिल २०२१ बद्दलही लिहिते, कारण तुमचे काका त्याच लाटेत गेले. राज्यात रोज साठ हजारांवर रुग्ण सापडत असताना कडक निर्बंधांशिवाय दुसरा मार्ग राहिला नव्हता. माझा राग निर्बंधांवर नाही. पहिल्या टाळेबंदीनं दिलेली सवड कुठे गेली, हा माझा प्रश्न आहे. तुमच्यासारख्यांनी शटर खाली ओढून ती मिळवून दिली होती. तेवढ्यात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्राणवायूचा प्रकल्प उभा राहायला हवा होता.

आणखी एक किंमत सहसा कुणी मोजत नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या चोवीस लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये अठरा लाखांची. क्षय काही कमी झाला नव्हता, माणसं तपासणीपर्यंत पोहोचलीच नाहीत. आणि प्राथमिक शाळा इतका काळ बंद ठेवणं तर मला मुळीच पटलेलं नाही. हॉटेलं उघडली तेव्हा पहिली-दुसरीची मुलं घरीच होती.

आता तुमच्या संघटनेच्या निवेदनाचं. २०२१ च्या निर्बंधांबरोबर राज्य सरकारनं परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. गाळ्यातलं सलून यात कुठे बसतं? कुठेच नाही. रक्कम तुटपुंजी होती हे खरंच, पण ज्याचं नाव यादीत नाही त्याला तीही मिळत नाही. याउलट माणशी पाच किलो धान्य बऱ्यापैकी पोहोचलं, कारण रेशनकार्डाची यादी आधीपासून तयार होती.

म्हणून 'आमचे हाल झाले' एवढ्यावर निवेदन थांबवू नका. ज्या आदेशानं दुकान बंद होईल त्याच आदेशात भरपाईची रक्कम आणि तारीख लिहिलेली असावी, अशी मागणी करा. जर्मनीत काम कमी झालेल्या कामगाराच्या बुडालेल्या निव्वळ पगाराचा साठ टक्के भाग सरकारी व्यवस्थेतून मिळतो, मूल असेल तर सदुसष्ट. आपल्याला तेवढं झेपणार नाही, पण ते तत्त्व मागायला काहीच हरकत नाही. हप्ते पुढे ढकलले तर त्या मुदतीचं व्याज कोण सोसणार, तेही स्पष्ट मागा. २०२० मध्ये बँकांचा हप्ता थांबला, व्याज चालूच होतं.

आणि निवेदनाची वाट न पाहता एक काम या आठवड्यात करा. तुमच्या कारागिराची ई-श्रम पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या यादीत, नोंदणी झाली आहे का ते बघा. सोळा ते एकोणसाठ वयाच्या, पीएफ-ईएसआय नसलेल्या आणि आयकर न भरणाऱ्या असंघटित कामगाराला ती करता येते. आधार आणि बँक पासबुक घेऊन सेवा केंद्रात जायचं. तुम्ही स्वतः बसत असाल तर तुमचीही करून घ्या, आणि संघटनेच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक दुकानदाराला हेच विचारा.