खोडरबर घरी ठेव

अरे, माणसांची स्केचेस करताना चेहरा जमत नाही म्हणून चित्रांची वही बंद करू नकोस. चेहराच सोड सध्या. संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला तळ्याकाठच्या कट्ट्यावर बस, मऊ, गडद उमटणारी 4बी पेन्सिल घे, खोडरबर घरी ठेव. माणसं हलतात, म्हणून एकेकाला अर्धंच मिनिट दे: पाठीचा बाक, खांद्यांचा कल, वजन कुठल्या पायावर आहे, बस्स. कमरेवर हात ठेवून उभे असलेले आजोबा दिसले, तर हात रेखाटूच नकोस. हात आणि कंबर यांच्यामधली मोकळी जागा रेखाट, हात आपोआप बरोबर येतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. कंटाळा आला तर नुसत्या चपलेचं चित्र काढ, पण पानावर तारीख टाक. सहा महिन्यांनी तीच पानं तुला धीर देतील. रविवारी सकाळी मी कोपिनेश्वर मंदिराजवळ असतो, वही घेऊन ये.