दही लागलं नाही, त्याला बेडूक काय करणार?

प्रश्न : आमच्या म्हशीच्या एका सडाला दगडी (कासेचा सुजेचा रोग) झाली. डॉक्टरांनी सडात ट्यूबा सोडल्या आणि जाताना म्हणाले, "ऐदु दिवस हालु हाकबेडी." पाच दिवस दूध घालू नका एवढं कळलं, म्हणून डेअरीला घातलं नाही, घरीच वापरलं. तीनदा विरजलं, तिन्ही वेळा दही लागलं नाही. बेळगावात फार्मसी शिकणारा मुलगा म्हणतो, आता बेडकाच्या कातडीतली पेप्टाइड औषधं येणार, अँटिबायोटिक बंद. खरं का? आणि म्हशीला ती मिळतील का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अक्का, डॉक्टर बोलले कन्नडमध्ये, तुम्ही ऐकलं मराठीत आणि दूध गेलं पोटात. 'हाकबेडी'चा अर्थ डेअरीपुरता नव्हता. तीन सडं चांगली दिसली तरी चारींचं दूध टाकायचं, कारण औषध रक्तातून तिकडेही जातं. किती दिवस, ते ट्यूबच्या खोक्यावर छापलेलं असतं. बारीक इंग्रजीत असतं, ते मुलाकडून वाचून घ्या. रेडकालाही ते दूध पाजू नका. उकळल्यानं औषध सगळं जात नाही. तेच दुधात उरलं आणि विरजणातले जंतू मेले, मग दही लागणार कुठून?

आता बेडूक. मी डॉक्टर नव्हे, लॅबवाला. एकतीस वर्षं रोज जंतूंच्या बशीवर औषधाच्या चकत्या ठेवल्या आणि जंतू न वाढल्यानं भोवती पडलेली स्वच्छ रिंगणं सकाळी पट्टीनं मोजली. त्यामुळे 'बशीत जंतू मेले' या बातमीनं मी पटकन हुरळत नाही.

गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकेत मायकेल झास्लॉफ हे संशोधक आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना परत गढूळ पाण्याच्या टाकीत सोडत, तरी जखमा चिघळत नसत. 1987 मध्ये त्यांनी कातडीतून मॅगेनिन नावाचं पेप्टाइड वेगळं काढलं : 23 अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची, लहानशी माळ. जंतूचं बाहेरचं आवरण ऋण भाराचं, ही माळ धन भाराची. ती जाऊन चिकटते आणि आवरणाला भोकं पाडते. रविवार पेठेत हमालानं पोत्याला हूक घातला की तांदूळ सांडतो ना, तसं जंतूच्या आतलं बाहेर येतं. आपल्या पेशींच्या आवरणावर बाहेरून तसा ऋण भार फारसा नसतो, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. बऱ्याच अंशी म्हणतोय, पूर्ण नव्हे. डोस वाढला की काही पेप्टाइडं तांबड्या पेशीही फोडतात.

तुमच्या मुलाला आपल्या सह्याद्रीतल्या बेडकाचंही कौतुक असेल. त्याच्या कातडीतल्या पेप्टाइडला 2017 मध्ये 'उरुमिन' नाव मिळालं, केरळच्या उरुमी या चाबकासारख्या लवलवत्या तलवारीवरून. पण ते फ्लूच्या काही विषाणूंवर चाललं, तेही उंदरांत. दगडीशी त्याचा संबंध नाही.

मॅगेनिनवरून मधुमेहाच्या पायाच्या जखमेसाठी पेक्सिगानन नावाचं मलम झालं. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं परवानगी नाकारली, कारण चालू औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. गोळी करावी तर पोटातले पाचकरस पेप्टाइडचे तुकडे करतात, जेवणातल्या डाळीचे करतात तसेच. वर बनवायला महाग.

आणि जंतू या पेप्टाइडांना तोंड द्यायला शिकत नाहीत, हे तर मुलाला मुळीच म्हणू देऊ नका. कोलिस्टिन हेही पेप्टाइडच, कितीतरी जुनं, मूत्रपिंडाला जड. आमच्या लॅबमध्ये त्याची चकती मला कधीच आवडली नाही : रेणू मोठा, बशीत नीट पसरत नाही, रिंगण तोकडं पडतं आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. दुसरं काही चालेनासं झालं की डॉक्टर शेवटी कोलिस्टिन वापरतात. ते डुकरांच्या-कोंबड्यांच्या खाद्यातून वारेमाप गेलं आणि 2015 मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देऊ देणारं असं जनुक सापडलं, जे एक जंतू दुसऱ्याला सरळ देऊन टाकतो. आपल्याकडे 2019 मध्ये सरकारनं जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं.

म्हशीसाठी काही आहे का विचारलंत. गंमत बघा, ते बेडकात नाही, तुमच्या विरजणाच्या गोतावळ्यात आहे. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूचे काही वाण नायसिन तयार करतात, 34 अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्याचा सुगावा लागला 1928 मध्ये, पेनिसिलिनच्याच वर्षी. चीज टिकवायला ते जगभर वापरतात आणि परदेशात सड बुडवायच्या द्रावणातही वापरलं गेलंय. पण दगडी करणाऱ्या सगळ्या जंतूंवर ते चालत नाही, ई. कोलायवर तर एकट्यानं नाहीच. म्हणून कासेला दही फासू नका हो! तुमचं नाव घेऊन नाही सांगत, असं करणारे मी पाहिलेत.

पुढच्या वेळी ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्या. सड धुऊन कोरडं करा, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या आणि मग डॉक्टरांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीत चार धारा घ्या. बोट आत लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

विरजण मात्र आता शेजारणीकडून आणा. तिच्या म्हशीला सध्या काही औषध चालू नाही ना, तेवढं आधी विचारा.