अंगणातली कोंबडी पिसं फुगवून बसलीय, खात नाही, शीट हिरवी आहे. काय करू?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक, नागपूरला अंगणात पाच गावरान कोंबड्या आहेत आणि त्यातली दीड वर्षाची एक कालपासून डोळे मिटून बसलीय. दुसरी, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून द्याव्यात का. दुसरीचं उत्तर सोपं आहे, देऊ नका. कशासाठी देतोय तेच अजून कळलेलं नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत असेल तर तो विषाणूचा आजार, त्याच्यावर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. मात्र औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, कारण कळपात अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात. ती उघडपणे फुगून बसली म्हणजे आजार आत बरेच दिवस असू शकतो. म्हणून हे आजच करा.

तिला वेगळं काढा, इतरांपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत. डाल्याखाली किंवा मोठ्या खोक्यात ठेवा आणि खाली जुनी पांढरी चादर अंथरा. भुसा नको, शीट दिसली पाहिजे. आधी निरोगी कोंबड्यांना दाणापाणी, मग हिला, आणि नंतर हात साबणाने धुवा. तिच्या जागेची चप्पलही वेगळी ठेवा.

ऊब द्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, उपाशीपोटी ती ते टिकवू शकत नाही. थंडीत किंवा पावसाच्या गारठ्यात ६० वॅटचा साधा बल्ब दीड-दोन फुटांवर, खोक्याच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे गरम वाटलं की तिला सरकता येईल. मे महिन्यात उलटं करावं लागतं: सावली, ओलं पोतं, वाऱ्याची जागा. चोच उघडून धापा टाकत असेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, फक्त पाय आणि तुरा ओला करा.

पाणी अन्नापेक्षा महत्त्वाचं. मेडिकलमधलं एक लिटरचं ओआरएस पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळा. घट्ट करू नका, कोंबडीला जास्त मीठ बाधतं. रोज ताजं करा, दोन-तीन दिवसच द्या. स्वतः पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा आणि गिळू द्या. एका वेळी ५ ते १० मिली, दर तास-दोन तासांनी. चोच उघडून घशात धार सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. आजाराने न मेलेल्या कोंबड्या अशा मरतात.

आता तपासणी. सर्वात आधी गळ्याखालची अन्नाची पिशवी, छातीच्या वर, थोडी उजवीकडे. सकाळी दाणा देण्याआधी ती रिकामी, सपाट लागली पाहिजे. घट्ट मळलेल्या कणकेसारखी लागली तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलंय. २४ तास दाणा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा, पिशवी हलक्या हाताने चोळा. मऊ, डबडबणारी असेल आणि चोचीतून आंबलेल्या ताकासारखा वास येत असेल तर आत बुरशी वाढलीय. तिला उलटी धरून ओकवायला सांगणारे पुष्कळ भेटतील, अजिबात करू नका. तो द्रव श्वासनलिकेत जातो.

छातीचं मधलं हाड चाचपा. सुरीच्या पात्यासारखं धारदार लागलं तर आजार कालचा नाही, काही आठवड्यांचा आहे. मग शेपटीखाली पाहा. शेपूट खालीवर हलवत, पाय फाकवून जोर करत असेल तर अंडं अडकलं असू शकतं. टबात कोमट पाणी घ्या, कोपराला सुखद लागेल इतकं, आणि १५-२० मिनिटं तिला पोटापर्यंत बसवा. आत हात घालून अंडं फोडू नका. दिवसभरात सुटलं नाही तर डॉक्टरच हवेत.

हिरव्या शीटेबद्दल नीट समजून घ्या, लोक तिथेच घाबरतात. पक्ष्यांचं पित्त हिरवं असतं. पोटात दाणा नसला की तेच बाहेर पडतं, म्हणजे हिरवी शीट बऱ्याच वेळा एवढंच सांगते की कोंबडी उपाशी आहे. पण तिच्यासोबत काय दिसतं ते पाहा. घरघर, चोच उघडून श्वास, एक-दोन दिवसांनी मान वाकडी होणं आणि दुसरी कोंबडीही सुस्त होणं, ही मानमोडीची चाल. तुरा फिकट, अंग तापलेलं, पाय लुळे असतील तर खुराड्याच्या फटी तपासा. कोंबडीचे गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन फळ्या आणि बसायची काठी बघा, पंखांखाली बारीक काळपट पिल्लं चिकटलेली दिसतात का तेही बघा. या गोचिडांचा ताप पेनिसिलिनसारख्या औषधाने बरा होतो, पण मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनी द्यावी. आणि फटी भरून, चुना मारून खुराडं साफ केल्याशिवाय तो परत येतोच.

शीटेत रक्त असेल तर रक्ती हगवण. ती मोठ्या कोंबडीपेक्षा पिल्लांना जास्त मारते. तिच्यावर अँप्रोलियम चालतं, पण त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध जंतूंना बी-१ मिळू देत नाही म्हणूनच काम करतं, तुम्ही वरून बी-१ दिलं की औषध वाया.

खायला भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा चुरा, चमचाभर करून द्या. उरलेले तर्रीपोहे, फरसाण, चिवडा नाही. हळद-लसणाने नुकसान होत नाही, पण त्यावर विसंबून दोन दिवस घालवू नका. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, उतरतंय की सावरतंय ते डोळ्यांपेक्षा आधी काट्यावर कळतं.

२४ तासांत पाणीही घेत नसेल, मान वाकडी झाली किंवा दुसरी कोंबडी बसली, तर थांबू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. कोंबडी मेलीच तर दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फात ठेवून शवविच्छेदनाला न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलं की तपासणीत नीट कळत नाही. उरलेल्या चार वाचवायच्या असतील तर या एका तपासणीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही.

एकदम दोन-तीन मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर कापू नका, शिजवू नका, कुणाला देऊ नका, लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लू नागपूरला नवा नाही. गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात वाघही त्याने मेल्याचं जानेवारी २०२५ मध्ये समोर आलं.

हिला बरं वाटल्यावर आणखी दहा-बारा दिवस वेगळीच ठेवा आणि औषध चालू असताना व डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरची अंडी फेका. बाकीच्यांना मानमोडीची लस झाली नसेल तर हिचं निदान झाल्यावर डॉक्टरांना विचारून टोचून घ्या. पिल्लांना ५ ते ७ दिवसांची असताना डोळ्यात लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आर-टू-बी नको. लस थर्मासमध्ये बर्फात आणा आणि कालवल्यापासून दोन तासांत संपवा, नागपूरच्या उन्हात खिशात घातलेली लस म्हणजे नुसतं पाणी.